कोजागिरीच्या आधीचा महिना

रिकाम्या खोलीचंही दार वाजवून आत जायचं, हे मला मामांनी शिकवलं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. मिल बंद पडून जमाना झाला, झाक्या मात्र निघतातच. पहाटेपर्यंत शहर रस्त्यावर असतं आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत अंथरुणात. त्या सुस्त सकाळी मी पोह्यांची पुडी आणि रॉकेलची बाटली घेऊन खंडवा रोडला लागते. सिमरोल, मग भेरूघाट, मग चोरल धरणाकडे जाणारा फाटा. शेवटचा कच्चा रस्ता पायी. काळ्या मातीत चप्पल अडकते, ती हातात घ्यायची आणि चालायचं.

मामा कुलपात रॉकेलचे दोन थेंब सोडतात, किल्ली फिरवतात, पण दार ढकलत नाहीत. काठीने तीनदा ठोकतात आणि बाजूला होतात.

"रुको जीजी. निकलने का टाइम दो."

चार महिने बिनभाड्याने राहिलेले भाडेकरू मागच्या फटीतून निघून जातात. उंदीर, बेडूक, पाली, एखाद्या वर्षी धामण. मग दार उघडतं आणि तो वास येतो. ओल्या मातीचा, उंदराच्या मुताचा, कापसाचा आणि मार्चमध्ये विझलेल्या चुलीचा. हा वास पुढच्या महिन्याभरात घालवायचा असतो. खरं सांगायचं तर मला तो आवडतो, पण त्याचे पैसे कुणी देत नाही.

तीन खोल्या आहेत. बाहेरच्या पाटीवर 'कॉटेज' लिहिलंय, मामा 'टापरी' म्हणतात, येणारी तरुण मंडळी फोटोखाली 'रस्टिक केबिन' लिहितात. बाबा नुसतं 'तळ्यावरचं' म्हणायचे. "तळ्यावरचं कौल सरकलंय." "तळ्यावरच्या दाराला तेल दे." खरं तर ते तळंही नाही, धरणाचं पाणी आहे. पण कोजागिरीला ते जमिनीच्या कडेपर्यंत भरून शांत पसरलेलं असतं, तेव्हा त्याला जलाशय म्हणवत नाही.

लोक विचारतात, पावसाळ्यात का नाही उघडत? सगळं इंदूर तर तेव्हाच इकडे धावतं, पातालपाणीचा धबधबा, तिंछा, चोरल. धावतं, पण संध्याकाळी परत जातं. भुट्टे खाल्ले, भिजले, फोटो काढले, गाडी वळवली. मुक्कामाला लागणारी माणसं थंडीत येतात. शिवाय आमचा रस्ता आषाढात रस्ता राहतच नाही. म्हणून आमचा हंगाम कोजागिरीला सुरू होतो आणि होळीला संपतो, आणि तयारीला मिळतो तो बरोबर एक महिना, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत. पितृपक्ष आणि नवरात्र, दोन्ही त्यातच. २०२० साली अधिक आश्विन आला आणि एका महिन्याचे दोन महिने मिळाले. इतक्या निवांतपणे आम्ही कधीच काम केलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वर्षी यायला कुणी नव्हतं.

बाबा पीएचईत, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात, ओव्हरसियर होते. इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली आंदोलन झालं तेव्हा ते नोकरीत नवे होते. १९७८ साली जलूदहून विंध्याचा चढ चढून नर्मदा शहरात आली. त्या दिवशी त्यांनी आम्हा भावंडांना रांगेत उभं करून नळाचं एकेक भांडं पाणी प्यायला लावलं होतं. चव काही वेगळी लागली नाही, पण तसं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. पुढे निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही जमीन घेतली. का घेतली, तर म्हणे इथून पाणी दुसरीकडे जातं. हे त्यांचं आवडतं कोडं होतं. इंदुरातल्या आमच्या गच्चीवर पडलेला पाऊस खान नदीतून शिप्रेला, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला जातो. तळ्यावरच्या कौलांवर पडलेला चोरल नदीतून नर्मदेला आणि अरबी समुद्राला. मध्ये अंतर चाळीसेक किलोमीटर. "आणि आपण काय करतो," ते हसून म्हणायचे, "नर्मदा पंपाने वर ओढतो, तिने भांडी घासतो आणि ते पाणी गंगेला पाठवतो."

खोल्या त्यांनी आणि मामांच्या वडिलांनी मिळून उभ्या केल्या. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर कच्च्या विटांच्या भिंती, सागाची वासे-आडी आणि त्यावर गावठी नळीची कौलं. भाड्याने द्यायचा विचारही नव्हता. बाबा गेले, जागा पडून राहायला लागली. पडून राहिलेलं मातीचं घर दोन पावसाळ्यांत परत माती होतं, म्हणून आम्ही माणसं ठेवायला लागलो. उत्पन्न म्हणून नव्हे, घराला माणसाची ऊब लागते म्हणून. आता उत्पन्नही लागतं, ते वेगळं.

मामांबद्दल एक सांगायला हवं. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. पण आमच्याकडे भिल्ल माणसाला मामा म्हणायची रीत आहे. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला सगळा निमाड मामाच म्हणत आला. पातालपाणीला त्यांचं देऊळ आहे. मीटरगेजची गाडी तिथे क्षणभर थांबून मगच घाट उतरायची. लोक म्हणत ही मामांना सलामी, रेल्वेवाले म्हणत ब्रेकची तपासणी. बाबा म्हणायचे, दोन्ही खरं असायला काय हरकत आहे.

पहिलं काम छपराचं. कौलं फेरायचं मोठं काम जेठात, पावसाच्या आधी होतं; आत्ता फक्त डागडुजी. फक्त म्हणायचं. वानरांची टोळी चार महिने छपरावरून ये-जा करते, आणि नळीची कौलं नुसती एकावर एक ठेवलेली असतात, ना खिळा ना सिमेंट. एक सरकलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. मामा अनवाणी चढतात आणि पाय कौलाच्या मधोमध कधीच टाकत नाहीत, खाली वासा असेल तिथेच. एका फेरीत वीस-पंचवीस फुटलेली निघतात. नवी मिळत नाहीत. जवळच्या गावातला कुंभार आता फक्त कुल्हड आणि दिवाळीच्या पणत्या करतो. मग कुणाचं जुनं घर पाडून पक्कं होतंय याची खबर मामा वर्षभर ठेवतात आणि तिथून कौलं बैलगाडीने आणतात. त्यामुळे आमच्या छपरावर आता निदान पाच गावांची कौलं आहेत. बाबांच्या वेळची किती उरली, मी मोजत नाही.

मग चुना. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. दरवर्षी चुना कशाला, एकदाच चांगला रंग लावू, पाच वर्षं बघायला नको. इंदूरचा एक कंत्राटदार आला, भिंतीवर हात फिरवून म्हणाला, मॅडम, प्लास्टिक पेंट मारू, धुता येईल. मारला. दिवाळीत भिंती अशा गुळगुळीत चमकत होत्या की मामींनी त्यात बघून कुंकू लावलं असतं. पुढच्या भाद्रपदात दार उघडलं तर भिंतीला पापड आले होते. हात लावला की तळहाताएवढा पोपडा सुटे आणि मागून ओली माती भसाभसा खाली येई. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगभर श्वास घेत ती सोडून देते. मी तिला प्लास्टिकचा रेनकोट घालून बसवलं होतं. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, मॅडम, आपकी दीवार में प्रॉब्लम है. दोन माणसं लावून आठ दिवस तो रंग खरवडला. ती खरवड गोळा करून पोत्यांत भरून इंदूरला परत नेली, कारण तळ्याकाठी टाकायला मन धजेना.

तेव्हापासून कळीचा चुना. दगडासारखे खडे लोखंडी ड्रमात टाकायचे, त्यावर पाणी, आणि मागे सरायचं. ड्रम गुरगुरतो, उकळतो, वाफ सोडतो. खाली जाळ नाही, काही नाही. लहानपणी मला हे बघायला डोळ्यांवर बाबांचा गॉगल लावून उभं करायचे, कारण एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. तीन-चार दिवस तो निवू द्यायचा, मग जुन्या धोतरातून गाळायचा, त्यात थोडं मीठ, पाण्यात विरघळवलेला डिंक आणि नावापुरती नीळ. नीळ जास्त झाली की खोली दवाखान्यासारखी दिसते.

लावायची रीत अशी की आधी भिंत पाण्याने भिजवायची आणि चुना दुधापेक्षा पातळ ठेवायचा. कुंचा मारला की काहीच दिसत नाही, नुसती ओली भिंत. नवा माणूस इथेच चुकतो. त्याला वाटतं लागलाच नाही, म्हणून तो दाट करतो, आणि मग हंगामभर पाहुण्यांच्या पाठीला पांढरी पावडर. धीर धरायचा. भिंत सुकत जाते तसा पांढरेपणा आतून वर येतो, दुपारी राखाडी, संध्याकाळी फिकट, सकाळी पांढरा. पुढचे कितीतरी दिवस तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत राहतो. म्हणजे भट्टीत चुनखडीच्या दगडातून जे काढून घेतलं होतं, ते आमच्या भिंतीवर तो परत मिळवतो. दोन हात, चांगली जमली तर तीन. बुरशी त्यावर टिकत नाही, किडा-मुंगी दूर राहते, आणि खोलीत दिवा न लावता संध्याकाळी अर्धा तास जास्त दिसतं.

पाहुणे भिंतीला टेकून म्हणतात, वा, किती ओरिजिनल ठेवलंय.

सापांचा विषय निघाला नाही असं एकही बुकिंग होत नाही. आम्ही खोटं बोलत नाही. धरण आहे, उंदीर आहेत, म्हणजे साप आहेतच. घोणस, नाग, फुरसं, मण्यार, चारही या भागात निघतात. फिनाईल शिंपडणं, गंधकाची पूड, कांद्याच्या माळा, सगळं करून झालं. त्याचा वास आपल्यालाच येतो. उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा. दाराखाली बोटभरही फट ठेवायची नाही, रबराची पट्टी दरवर्षी नवी. सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब. धान्याचा दाणा सांडलेला नको, कारण दाण्यामागे उंदीर आणि उंदरामागे तो. जमिनीवर कुणालाही झोपू द्यायचं नाही आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेलीच हवी. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्याला कित्येकदा कळतही नाही, सूजही येत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८ लिहिलंय आणि खाली, 'झाडफूक नाही, थेट महू किंवा इंदूर.' हे वाक्य मामांनी लिहवून घेतलं. त्यांच्या घरातली एक मुलगी लहानपणी झाडफुकीतच गेली. त्यावर ते फारसं बोलत नाहीत.

विहिरीचं काम मी स्वतः करते. बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग, तास भर थांबा. चुना लावताना ती ओळ दरवर्षी झाकली जाते आणि मी ती दरवर्षी त्याच जागी पुन्हा लिहिते. आता अक्षर माझं आहे. पावसानंतर विहीर तुडुंब असते, म्हणजे व्यास आणि खोली मोजून पाणी किती ते काढायचं, मग गुणाकार. बाबा दोरीला दगड बांधून खोली मोजायचे. मीही तेच करते, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे एवढाच फरक. पावडर बादलीत कालवायची, खडा खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि बादली बुडवून-बुडवून ढवळायचं.

संडासाच्या टाकीबद्दल ललित लेखात लिहू नये म्हणतात. एकच लिहिते. तिच्यात ॲसिड ओतू नका. आतले जंतू मेले की टाकी नुसता हौद होते, आणि पुढे काय होतं ते तळ्याकाठच्या माणसाला विचारा.

विजेच्या कामाला माणूस येतो, पैसे घेतो, जातो.

खाटा अंगणात काढून उन्हात उभ्या करायच्या, ढिली झालेली सुतळी ताणायची. गाद्या पिंजून घ्यायच्या. चादरी बागच्या छापाच्या, धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या, लाल आणि काळ्या. त्या जितक्या धुतल्या तितक्या खुलतात, आणि डाग पोटात घालतात. भाड्याच्या खोलीला यापेक्षा चांगली चादर नाही. पांघरायला आईच्या गोधड्या. आई ८४ वर्षांची आहे, लोकमान्यनगरच्या घरात खिडकीशी बसून अजून टाके घालते. तिच्या जुन्या साड्या, बाबांची धोतरं, माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. मागच्या वर्षी एका कुटुंबाने जाताना एक गोधडी नेली. टॉवेल नेतात, साबण नेतात, ते धरूनच चालते मी. फोन केला तर म्हणाले, आम्हाला वाटलं सोव्हेनिर आहे. आईला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "कुठली? आंब्याच्या रंगाची? तिचं अस्तर विटलं होतं, बरं झालं." आणि दुसऱ्या दिवशी नवी शिवायला बसली. तरी मी यंदा प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने एक, दोन, तीन आकडे घालून घेतलेत. मला आईइतकं मोठं मन नाही.

लोकांना नेमकं काय हवं असतं, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. त्यांना चुलीवरचं हवं, पण धूर नको. मातीची खोली हवी, पण पाल नको. सारवलेलं अंगण हवं, पण शेणाचं आहे हे कळल्यावर मुलं पाय उचलून घेतात. शांतता हवी म्हणून येतात आणि दहा मिनिटांत स्पीकर लावतात. एकदा एक बाई म्हणाल्या, सगळं छान आहे, फक्त बेडकांचा आवाज कमी करता येईल का? मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "बोल के देखता हूँ." आणि इंदूरकर! २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरचं शहर, घरी ओला-सुका-प्लास्टिक असा वेगवेगळा कचरा करणारी माणसं. भेरूघाट उतरली की तीच माणसं बाटली पाण्यात भिरकावतात. घरी मात्र तोच माणूस, कचरागाडीचं गाणं ऐकून पायजमा सावरत धावतो. हे मला समाजशास्त्राच्या माणसाने समजावून सांगावं.

शेवटच्या आठवड्यात गोवऱ्या. पावसाळ्यात साठवलेल्या गोवऱ्या बाहेरून कोरड्या दिसतात आणि आतून दमट असतात. त्या पेटत नाहीत, धुमसतात, आणि बाफल्यांना, म्हणजे कणकेच्या गोळ्यांना, धुराचा कडवट वास लागतो. नवरात्रभर मामी त्या रोज उन्हात मांडतात, संध्याकाळी आत घेतात. दसऱ्याला परीक्षा. बाफले आधी पाण्यात उकडायचे, मग निखाऱ्यात भाजायचे, मग फोडून तुपात. परीक्षेचे बाफले आम्ही पाचजण खातो आणि दुपारी कुणीही काम करत नाही.

बाबांची तिथी याच महिन्यात, पितृपक्षातली नवमी. श्राद्ध घरीच, लोकमान्यनगरला होतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी तळ्यावर एक घास ठेवते. कावळा येतोच असं नाही. वानर येतं.

तळ्याकडे उतरायला काळ्या दगडाच्या चौदा पायऱ्या आहेत. बाबा कोजागिरीला पाणी ज्या पायरीला टेकलेलं असेल तिथे ऑइलपेंटने वर्ष लिहून ठेवायचे. चांगल्या पावसाला वरच्या पायऱ्या, वाईट वर्षी खालच्या. होळीपर्यंत पाणी सगळ्या पायऱ्या सोडून पार लांब जातं, आणि मागे उरलेल्या गाळात मामा काकडी आणि खरबूज लावतात. तेव्हा चौदाच्या चौदा पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांचे आकडे वाचत खाली जाता येतं. खोल्यांची कौलं बदलली, दोन दारं बदलली, वासे वाळवीने खाल्ले म्हणून चार बदलले, भिंतीवरचा थर तर दरवर्षी नवा. पायऱ्यांना अजून हात लागलेला नाही.

यंदा ऑइलपेंटचा डबा उघडला तर आत दगड झालेला. दुकान इंदूरला, पाहुणे संध्याकाळी येणार. मामांनी ड्रमाच्या तळाशी उरलेला चुना करवंटीत घेतला, काडीला चिंधी गुंडाळली आणि तिसऱ्या पायरीवर वर्ष लिहिलं. ओल्या दगडावर काहीच दिसलं नाही.

चंद्र वर आला तेव्हा दूध आटत होतं. इंदूरच्या महाराष्ट्रीय मंडळींचा एक गट आला होता, सतरंज्या, केशर, गाण्याच्या भेंड्या, सगळं बरोबर घेऊन. त्यांच्यातले एक निवृत्त गृहस्थ खोली हाताने चाचपत हिंडत होते. भिंत, वासा, दाराची कडी. मग मामांजवळ आले आणि आदराने म्हणाले, "कितने साल पुराना है? सब वैसा का वैसा रखा है आप लोगों ने."

मामांच्या नखांत अजून चुना होता.

"हाँ साब," ते म्हणाले, "कुछ नहीं किया," आणि दूध उतू जातंय का बघायला गेले.